मेलाटोनिनचे क्रीम रात्रीचेच का?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

चेहऱ्याच्या क्रीमवर आणि केसांच्या सिरमवर 'मेलाटोनिन' हा शब्द हल्ली ठळक अक्षरांत दिसू लागला आहे. औषध दुकानात त्याबद्दल गिऱ्हाईक जे विचारते ते बहुधा तीनच गोष्टींभोवती फिरते: याने रंग उजळतो का, रात्री झोप चांगली लागते का, आणि झोपेसाठीची मेलाटोनिनची गोळी कुटून घरच्या क्रीममध्ये मिसळली तर चालेल का. तिन्हींचे उत्तर 'नाही' असेच आहे. पण नुसते 'नाही' म्हणून माणूस थांबत नाही, दुसऱ्या दुकानात जातो. म्हणून कारणे सविस्तर लिहीत आहोत.

पहिला घोटाळा नावाचा. मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारे द्रव्य. मेलाटोनिन हे मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत अंधार पडल्यावर तयार होणारे संप्रेरक. दोन्ही नावे सारखी असणे हा योगायोग नव्हे. १९१७ साली मॅककॉर्ड आणि ॲलन या दोघांनी पिनिअल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिलांना दिला तेव्हा त्यांची कातडी फिकट झाली. तो धागा पकडून अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गायीबैलांच्या पिनिअल ग्रंथींतून हे द्रव्य वेगळे काढले. लर्नर यांना कोडावर उपचार शोधायचा होता. मेलॅनिनचे कण हलवून कातडी फिकट करणारे म्हणून 'मेला' आणि सेरोटोनिन या शरीरातल्याच द्रव्यापासून होणारे म्हणून 'टोनिन', असे ते नाव जुळले.

मग माणसाची त्वचा उजळत का नाही? बेडकाच्या रंगपेशीत रंगाचे कण पेशीभर पसरलेले असतात. मेलाटोनिन मिळाले की ते मध्यभागी गोळा होतात आणि कातडी काही मिनिटांत फिकी दिसते. माणसात रंगपेशी आपले कण शेजारच्या पेशींना वाटून टाकते. एकदा वाटलेले कण परत गोळा करायची सोयच आपल्या त्वचेत नाही. त्यामुळे वांग, काळे डाग, मानेचा काळेपणा किंवा पायताणाच्या पट्ट्यांचे उन्हाने उठलेले ठसे घालवण्यासाठी मेलाटोनिन घेऊ नये. कोड असलेल्यांनीही आशेने किंवा भीतीने या क्रीमकडे पाहू नये, त्यांचा उपचार वेगळा आहे. आणि एखादे क्रीम लावून आठ दिवसांत चेहरा खरोखर उजळला, तर त्याचे श्रेय मेलाटोनिनला देण्याआधी त्यात स्टिरॉइड किंवा पारा नाही ना, याची शंका घ्यावी. ही शंका आम्ही हलक्याने लिहीत नाही. स्टिरॉइडने पातळ झालेली, लालभडक, केस उगवलेली त्वचा पूर्ववत व्हायला महिने जातात, आणि कधीकधी ती पुरती सुधारतही नाही.

आता मेलाटोनिन त्वचेवर प्रत्यक्षात काय करते ते. ते अँटिऑक्सिडंट आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत जे अस्थिर, मोडतोड करणारे रेणू तयार होतात, त्यांना ते निष्प्रभ करते, आणि त्यातून त्याचे जे पुढचे पदार्थ होतात तेही थोडेफार हेच काम करतात. त्वचा स्वतःही थोडे मेलाटोनिन बनवते. रेणू लहान आहे, रेणुभार (रेणूचे सापेक्ष वजन) २३२. त्वचेतून आत जाण्यासाठी ५०० च्या आतले वजन बरे मानतात, आणि हा रेणू पाण्यापेक्षा तेलाकडे कललेला आहे. म्हणून तो वरच्या मृत थरात मुरतो, तिथे साठून राहतो आणि सावकाश आत उतरतो. गोळीचे तसे नाही. गिळलेल्या मेलाटोनिनचा बराच भाग यकृतातच खर्ची पडतो आणि रक्तात आलेले तासाभराच्या आत निम्मे होते. त्वचेला मेलाटोनिन द्यायचेच असेल तर वरून लावण्यात तथ्य आहे, हे मान्य.

प्रश्न आहे तो केव्हा लावायचे याचा, आणि इथेच बाजार आणि प्रयोग यांची फारकत होते. बाजारात मेलाटोनिन मुख्यतः 'नाइट क्रीम' म्हणून विकले जाते, कारण ते झोपेचे संप्रेरक म्हणून प्रसिद्ध आहे. पण माणसांवर झालेला सर्वांत स्पष्ट प्रयोग काही वेगळेच सांगतो. झुरिचमध्ये बांगा आणि सहकाऱ्यांनी २० निरोगी व्यक्तींच्या त्वचेवर मेलाटोनिन लावून अतिनील किरण सोडले. हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. किरणांच्या १५ मिनिटे आधी लावले तिथे लाली स्पष्टपणे कमी आली. किरणांनंतर १ मिनिटाने, ३० मिनिटांनी किंवा २४० मिनिटांनी लावले तिथे लक्षात घेण्याजोगा फायदा झाला नाही. कारण सरळ आहे. ते मोडतोड करणारे रेणू किरण पडताक्षणी तयार होतात आणि क्षणार्धात आपले काम उरकतात. त्या क्षणी मेलाटोनिन त्वचेत हजर असेल तरच उपयोग. दिवसभर उन्हात हिंडून रात्री ते चोळणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणे.

याचा अर्थ सकाळी मेलाटोनिन लावले की सनस्क्रीनची गरज नाही, असाही नव्हे. डेन्मार्कच्या संशोधकांनी पुढे खऱ्या उन्हात चाचणी केली. तीत १२.५ टक्क्यांच्या क्रीमने लाली कमी केली, ०.५ आणि २.५ टक्क्यांच्या क्रीमने मात्र फरक दाखवला नाही. प्रसाधनांत नेहमी घालतात ते प्रमाण ०.१ टक्का किंवा त्याहूनही कमी असते. एवढ्याशा मेलाटोनिनच्या जोरावर भर दुपारी बाहेर पडणे धोक्याचे आहे.

आपल्याकडचे ऊन किती कडक असते हे सांगायला नको, पण त्यामागचे गणित लक्षात असावे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. मेमध्ये ती वेळ दुपारी साडेबाराच्या सुमारास येते. ऑगस्टमध्ये ढग असतात म्हणून जाणवत नाही, पण पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात उसाच्या फडात किंवा रस्त्याच्या कामावर असणाऱ्याला आमचा सल्ला एकच: लांब बाह्यांचा सुती शर्ट, टॉवेल किंवा पदर, रुंद काठाची टोपी. कोणत्याही क्रीमपेक्षा हे स्वस्त आहे आणि जास्त खात्रीचे आहे. दुचाकीवरून हिंडणाऱ्यांनी आणि बाहेर काम करणाऱ्यांनी किमान एसपीएफ ३० चे, अतिनील ए किरणांपासूनही बचाव करणारे सनस्क्रीन लावावे. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधले बोट या दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, एवढे ते हवे, आणि दर दोन तासांनी पुन्हा. लोक याच्या निम्मेही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीनला नावे ठेवतात.

मेलाटोनिनचे क्रीम कोणाला वापरायचेच असेल तर ते असे वापरावे. सकाळी तोंड धुऊन कोरडे करावे. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. चेहरा आणि मानेसाठी अशा दोन रेघा पुरतात. १५ ते २० मिनिटे मुरू द्यावे, मग वरून पूर्ण मापाचे सनस्क्रीन लावावे. मेलाटोनिन उजेडात खराब होते म्हणून ते रात्री लावा, असे सांगितले जाते. त्यात अर्धे सत्य आहे. बाटलीत असताना उजेड लागला तर ते फुकट जाते, पण त्वचेत असताना किरणांशी झुंजण्यात खर्च होणे हेच तर त्याचे काम.

झोपेचे म्हणाल तर साधा हिशेब करू. ०.१ टक्क्याच्या १ ग्रॅम क्रीममध्ये १ मिलिग्रॅम मेलाटोनिन. त्यातला काही भागच आत जातो, तोही तासन् तास रेंगाळत. बाजारातल्या गोळ्या ३, ५, १० मिलिग्रॅमच्या असतात. तेव्हा क्रीम लावून गाढ झोप लागेल ही अपेक्षा फोल आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणाऱ्या कामगारांची झोप मोडते त्याचे एक कारण म्हणजे रात्रीच्या प्रखर उजेडाने पिनिअल ग्रंथीचे मेलाटोनिन दबते. त्यावर उपाय म्हणजे दिवसा खोलीत पुरता अंधार करून झोपणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांचा सल्ला घेणे. मात्र हाच हिशेब उलटाही लक्षात ठेवावा. १२.५ टक्क्यांच्या १ ग्रॅम क्रीममध्ये १२५ मिलिग्रॅम मेलाटोनिन असते. अशी तीव्र क्रीमे प्रयोगशाळेसाठी ठीक, अंगभर चोपडण्यासाठी नव्हेत.

गोळी कुटून घालण्याचा प्रकार सर्वांत जास्त वैताग आणणारा आहे, कारण तो काटकसर म्हणून केला जातो आणि त्यात क्रीम, गोळी व चेहरा तिन्हींचे नुकसान होते. ३० ग्रॅमच्या क्रीममध्ये ३ मिलिग्रॅमची एक गोळी घातली तर प्रमाण येते ०.०१ टक्का. ०.१ टक्का हवे तर दहा गोळ्या कुटाव्या लागतात. त्या दहा गोळ्यांत मेलाटोनिन ३० मिलिग्रॅम, आणि बाकी सारा भरणा: सेल्युलोज, लॅक्टोज किंवा कॅल्शियम फॉस्फेट, मॅग्नेशियम स्टिअरेट, कधी रंग, कधी गोडी आणण्याचे पदार्थ. यातले बरेचसे विरघळत नाही. क्रीम रवाळ होते, चोळताना त्वचा ओरखडली जाते. मेलाटोनिन स्वतः पाण्यात फारच थोडे विरघळते, त्यामुळे ते कणाकणांनी तिथेच पडून राहते, एका ठिकाणी जास्त, दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही. शिवाय गोळी भिजवायला घातलेले पाणी आणि गुलाबजल क्रीममधले परिरक्षक (क्रीम नासू न देणारे द्रव्य) पातळ करते. आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अशा बरणीला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि बुरशी दिसायच्या कितीतरी आधी जिवाणू वाढलेले असतात.

ज्यांच्याकडे प्रसाधन निर्मितीचा परवाना आहे असे छोटे उत्पादक आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी मात्र नीट पद्धत लिहितो. १०० ग्रॅम क्रीमसाठी: शुद्ध पाणी ६६.६ ग्रॅम, ग्लिसरीन ३, डायसोडियम ईडीटीए ०.१. तेलाच्या भागात कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड १२, सिटोस्टिअरिल अल्कोहोल ३, ग्लिसरिल स्टिअरेट व पीईजी-१०० स्टिअरेटचे तयार मिश्रण ४. शेवटी घालायच्या भागात प्रॉपिलीन ग्लायकॉल ५, शुद्ध इथेनॉल ५, मेलाटोनिन ०.१, व्हिटॅमिन ई ०.३, फिनॉक्सिइथेनॉल ०.९. पाण्याचा आणि तेलाचा भाग वेगवेगळा ७० ते ७५ अंश सेल्सिअसला तापवून तेल पाण्यात सोडावे आणि पाच-सात मिनिटे घोटावे. मग हळू ढवळत ४० अंशांच्या खाली येऊ द्यावे. मेलाटोनिन तोवर दुसऱ्या काचपात्रात इथेनॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या मिश्रणात पूर्ण विरघळवलेले असावे. उजेडासमोर धरून एकही कण दिसता कामा नये. इथेनॉल पेट घेते, तेव्हा जवळपास ज्योत नको. हे द्रावण, व्हिटॅमिन ई आणि परिरक्षक शेवटी मिसळून सामू ५ ते ६ च्या दरम्यान आणावा.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. मेलाटोनिन सुरुवातीलाच गरम तेलात घातले तर उष्णता आणि हवा मिळून ऑक्सिडेशन वाढते. कोरडी पूड थंड क्रीममध्ये घातली तर ती कधीच एकजीव होत नाही. तांब्या-लोखंडाचे भांडे वापरले तर त्या धातूंचे सूक्ष्म अंश नासण्याचा वेग वाढवतात. ईडीटीए हे अंश बांधून ठेवण्यासाठीच असते, पण भांडे काचेचे किंवा चांगल्या स्टीलचेच हवे. मिक्सरने फेस येईपर्यंत घुसळले तर हवा आत कोंडली जाते, परिणाम तोच. प्रमाण वाढवून अर्धा टक्का केले आणि द्रावक तेवढाच ठेवला, तर थंडीत किंवा फ्रीजमध्ये स्फटिक सुटतात आणि बोटाला खरखर लागते. आणि १०० मिलिग्रॅम मोजायला स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा चालत नाही. शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरही दहा टक्क्यांची चूक सहज होते. मिलिग्रॅम दाखवणारा तराजू हवा. तयार माल पारदर्शक काचेच्या बरणीत भरला तर वरची सगळी काळजी वाया. ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा हवा आत न घेणारा अपारदर्शक पंप वापरावा. पांढऱ्या क्रीमला पिवळट छटा येऊ लागली की ते नासत चालले, असे समजावे. साबणात मेलाटोनिन घालण्याचा विचार करणाऱ्यांनी तो सोडून द्यावा: साबण अल्कधर्मी असतो, आणि मिनिटभरात पाण्याबरोबर मोरीत जातो.

केसांबद्दल थोडक्यात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात केस गळणाऱ्या ४० स्त्रियांनी सहा महिने रोज एकदा डोक्याला मेलाटोनिनचे ०.१ टक्क्याचे द्रावण किंवा मेलाटोनिन नसलेले नुसते द्रावक लावले. मेलाटोनिन लावणाऱ्यांत वाढीच्या अवस्थेतल्या केसांचे प्रमाण सुधारले, पण डोक्याच्या सर्व भागांत सारखे नव्हे. रक्तातले मेलाटोनिन वाढले, तरी रात्रीच्या नैसर्गिक पातळीच्या वर गेले नाही. हा आशादायक पण लहान अभ्यास आहे. टक्कल पडलेल्या जागी केस उगवतील असे कोणी सांगत असेल तर ते खोटे. केसगळतीत आधी रक्तातले लोह, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. सुरकुत्यांसाठीची मेलाटोनिनची क्रीमे बहुधा बाकुचिओल (बावचीच्या बियांतले द्रव्य) आणि क जीवनसत्त्वासह येतात, आणि बरेचसे अभ्यासही त्या मिश्रणावर झालेले आहेत. तेव्हा जे काही बरे दिसले त्यात मेलाटोनिनचा वाटा किती, हे त्यावरून काढता येत नाही.

विकत घेताना लेबल वाचावे. उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत, आणि परदेशी माल असेल तर आयात नोंदणी क्रमांक व आयातदाराचा पत्ता, यातली एखादी गोष्ट जरी नसेल तरी तो माल घेऊ नये. घटकांच्या यादीचा एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. मेलाटोनिन नेहमीच दुसऱ्या गटातले. म्हणून त्याचे नाव यादीत वर आहे की खाली, यावरून प्रमाण कळत नाही. उत्पादकाने टक्केवारी छापली नसेल तर त्याला विचारावी, आणि सांगत नसेल तर त्या क्रीमसाठी जादा पैसे मोजू नयेत.

नवे क्रीम थेट चेहऱ्याला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावे. खाज, पुरळ किंवा लाली आली तर थांबावे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांच्याबाबतीत पुरेशी माहिती नसल्याने त्यांना ते देऊच नये.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाकडे एक मागणी. सौंदर्यविषयक पुरवणीत अशा घटकावर लेख येईल तेव्हा त्यात टक्केवारी आणि लावण्याची वेळ या दोन गोष्टी छापाव्यात, आणि जाहिरात असेल तर ती जाहिरात म्हणूनच ओळखू यावी. अन्न व औषध प्रशासनाने 'मेलाटोनिनने गोरेपणा' किंवा 'मेलाटोनिनने कोड बरा' असे दावे करणारी लेबले तपासावीत, कारण रोग बरा करण्याचा दावा केला की ते प्रसाधन राहत नाही, औषध होते, आणि त्याला औषधाचा कायदा लागतो. दुकानदार बंधूंनी या ट्यूबा काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली मांडू नयेत. एप्रिल-मेमध्ये दुपारी बंद दुकानात जी उष्णता कोंडते ती याला मानवत नाही, तेव्हा माल आतल्या थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावा आणि समोर फक्त रिकामी खोकी लावावीत. ग्राहकांनीही घरी नेताना ती ट्यूब स्कूटरच्या डिकीत तापत ठेवू नये.

आपले विश्वासू,
औषधविक्री व प्रसाधन निर्मितीच्या क्षेत्रातील काही औषधनिर्माते,
कोल्हापूर